फायब्रोमायल्जियाचं दुखणं कसं सांभाळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगभर दुखणारे, रात्रभर झोपूनही सकाळी थकून उठणारे आणि प्रत्येक तपासणीनंतर 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं ऐकून परतणारे लोक मी फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षं बघते आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या या दुखण्याचं नाव फायब्रोमायल्जिया असतं. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण लोक तिथेच अडतात. औषधांबद्दल लिहिलंय ते समजून घेण्यापुरतं. गोळी सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका.

माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग दुखतं कशानं?

रक्ततपासणी, एक्स-रे आणि एमआरआय ज्या गोष्टी शोधतात, त्या फायब्रोमायल्जियात बिघडलेल्याच नसतात. स्नायू फाटलेला नसतो, सांधा झिजलेला नसतो, रक्तात सूज दिसत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे निरोप ज्या पद्धतीने हाताळतात, त्यात बिघाड असतो. आलेला निरोप मोठा केला जातो आणि वेदना दाबून धरणारी शरीराची स्वतःची यंत्रणा कमी पडते. सोसायटीत एखाद्या गाडीचा अलार्म इतका नाजूक लावलेला असतो की चोर यावा लागत नाही, सीटवर मांजर बसलं तरी तो ठणाणा करत सुटतो. तसंच काहीसं इथे होतं. लुगड्याचा काठ, ब्राचा पट्टा, कुणी प्रेमाने खांद्यावर ठेवलेला हात, हेसुद्धा दुखू शकतं.

२००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅन केलं. निरोगी माणसाला जेमतेम जाणवेल अशा दाबाला रुग्णांच्या मेंदूतली वेदनेची केंद्रं जोरात कामाला लागली होती. तुम्ही 'दुखतंय' म्हणता तेव्हा मेंदूत ते खरोखर घडत असतं.

म्हणजे हे मानसिक आहे का? घरात सगळे तसंच म्हणतात.

नाही. चिंता आणि नैराश्य या आजारासोबत पुष्कळांमध्ये असतं, त्यामुळे दुखणं वाढतंही, आणि वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मन खचतंच. पण म्हणून दुखणं मनाने रचलेलं ठरत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली 'नोसिप्लास्टिक' हा वेदनेचा तिसरा प्रकार मान्य केला. यात शरीराला इजा नसते, नसही दबलेली नसते, तरी वेदना निर्माण करणारी व्यवस्था बदललेली असते. फायब्रोमायल्जिया हे त्याचं ठळक उदाहरण आहे. 'नाटकं करते', 'कामाचा कंटाळा आहे' ही वाक्यं ऐकत दहा-दहा वर्षं दुखणं अंगावर काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ती वाक्यं चुकीची आहेत आणि क्रूरही आहेत.

निदान कसं करतात? अंगावरच्या अठरा जागा दाबून बघतात ना?

ती १९९० ची पद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने तेव्हा १८ ठरावीक जागा सांगितल्या होत्या आणि त्यांपैकी ११ दुखल्या तर निदान पक्कं मानत. २०१० पासून निकष बदलले आणि २०१६ मध्ये पुन्हा सुधारले. आता शरीराच्या १९ भागांपैकी गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं ते मोजतात. त्यासोबत थकवा, सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटतं का, लक्ष लागतं का, डोकं-पोट दुखतं का, मन उदास आहे का, यांना गुण देतात. दुखणं शरीराच्या पाच विभागांपैकी किमान चारांत हवं आणि सगळं मिळून किमान तीन महिने चाललेलं हवं.

एक गोष्ट महत्त्वाची आहे. दुसरा आजार आहे म्हणून फायब्रोमायल्जिया नाही, असं आता मानत नाहीत. आमवात किंवा थायरॉइड असलेल्या व्यक्तीला हाही असू शकतो. आमवाताची सूज औषधांनी उतरली, तरी अंग ठणकतंच आहे, असं तुमचं असेल तर डॉक्टरांकडे हा विषय काढा.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

मोजक्या. हिमोग्राम, शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी, थायरॉइडची टीएसएच, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि डॉक्टरांना वाटलं तर कॅल्शियम व स्नायूंची इजा दाखवणारी सीपीके. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्या गोळीनेही स्नायू दुखू शकतात. चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही सांगा. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रात कितीतरी लोकांचे सांधे महिनोनमहिने धरलेले होते, आणि तापानंतर रेंगाळणारं असं दुखणं वेगळ्या नजरेने पाहावं लागतं.

सांध्यांवर सूज नसताना आरए फॅक्टर, एएनए अशी संधिवात शोधणाऱ्या रक्ततपासण्यांची लांबलचक पॅनेल करत बसू नका. निरोगी माणसांतही त्या कधी कधी पॉझिटिव्ह येतात आणि मग नसलेल्या आजाराच्या मागे वर्ष जातं.

कोणती लक्षणं दिसली तर 'हे फायब्रोच असेल' म्हणून बसून राहू नये?

ताप, विनाकारण वजन घटणं, सांधा उघड सुजून गरम होणं, हातापायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं किंवा जांघेत बधिरपणा येणं, रात्री घाम फुटणं, पाठीच्या एकाच मणक्यावर सतत वाढत जाणारं दुखणं (आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही), आणि पन्नाशीनंतर अचानक खांदे व मांड्या आखडणं. यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. ताबा सुटला असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल तर त्याच दिवशी.

कोणत्या डॉक्टरांकडे जावं आणि त्यांना काय सांगावं?

शक्य असेल तर एकदा संधिवाततज्ज्ञांना म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवा. जिल्ह्याच्या ठिकाणी ते नसले तर समजून घेणारे फिजिशियनही पुरेसे आहेत. निदान झाल्यावर दर महिन्याला नवा डॉक्टर बदलत बसण्यात पैसे आणि उमेद दोन्ही जातात.

आपल्याकडे अंग दुखणं किती मोठं आहे, याचा अंदाज पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने देशाला दिला. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या पथकाने तिथल्या चार हजारांहून अधिक प्रौढांची घरोघरी जाऊन पाहणी केली. सांधे, स्नायू आणि पाठ यांची दुखणी गावात सर्वांत वरच्या तक्रारींमध्ये निघाली आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कोणत्याही नेमक्या संधिवाताच्या कप्प्यात बसवता येत नव्हतं. 'ही शहरी, सुखवस्तू बायकांची दुखणी' असं अजूनही बोललं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

तपासणीला जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या: कधीपासून, कुठे कुठे, झोप कशी, आणि दुखण्यामुळे कोणती दोन कामं करता येत नाहीत. 'सगळंच दुखतं' यापेक्षा 'कपडे पिळता येत नाहीत आणि जिना चढून आल्यावर बसावं लागतं' हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

हे पूर्ण बरं होतं का? पुढे अंथरुणाला खिळेन का?

मुळापासून घालवणारा उपाय आज नाही. पण हा आजार सांधे वाकडे करत नाही, अवयव निकामी करत नाही, आयुष्य कमी करणारा आजार म्हणूनही तो धरत नाहीत. चढ-उतार चालू राहतात. दुखणं शून्यावर आणायचं ध्येय धरलेले लोक माझ्या पाहण्यात सर्वांत लवकर निराश होतात. 'सकाळचा डबा करून, ऑफिस करून संध्याकाळी मुलीशी अर्धा तास बोलण्याइतकी ताकद उरावी' असं ठरवणाऱ्यांची प्रगती दिसते आणि मोजताही येते.

सगळे व्यायाम करा सांगतात. पण चालून आले की दोन दिवस उठवत नाही. मग?

मग तो व्यायाम तुमच्यासाठी जास्त होता. व्यायामच चुकीचा आहे असं त्यातून निघत नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे युलारने, २०१६ मध्ये सगळे पुरावे तपासून शिफारशी मांडल्या, तेव्हा 'नक्की करा' इतकी ठाम शिफारस फक्त एकाच उपायाला मिळाली: व्यायाम. शिफारस मिळालेले बाकीचे उपाय, औषधं धरून, 'करून बघायला हरकत नाही' या पायरीवर राहिले.

अडचण सुरुवातीच्या मापात असते. 'रोज ४५ मिनिटं भरभर चाला' हा सल्ला मधुमेहासाठी ठीक असेल, तुमच्यासाठी पहिल्या दिवशी नाही. असं करा: तीन वेगवेगळ्या दिवशी, एक बरा, एक वाईट, एक मधला, सपाट रस्त्यावर चाला आणि दुखणं वाढायला लागलं की घड्याळ बघा. समजा १४, ६ आणि १० मिनिटं आली. सरासरी १०. त्यातून पाचवा भाग कमी करा, उरली ८. तुमचं चालणं ८ मिनिटांपासून सुरू. रोज ८ च. अंग हलकं वाटलं तरी ८, ठणका असला तरी जमल्यास ८, अगदीच नाही जमलं तर ४ आणि ४. आठवडाभर हे नीट पार पडलं की एक मिनिट वाढवा. दोन महिन्यांत तुम्ही पंधराच्या पुढे असाल आणि मधे एकदाही आडवं पडावं लागलेलं नसेल.

चालण्याला जोडून आठवड्यातून दोन दिवस हलके ताकदीचे व्यायाम हवेत: खुर्चीतून हात न टेकता पाच-सहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलणं. कोमट पाण्यातले व्यायाम बऱ्याच जणांना मानवतात, पण आपल्याकडचे तरणतलाव थंड असतात आणि गारठ्याने स्नायू आखडतात, म्हणून उन्हाळ्यात दुपारची वेळ बघा. ताई-ची या चिनी संथ हालचालींवर बॉस्टनमध्ये झालेल्या चाचण्यांचे निकाल चांगले आले आहेत. आपल्याकडे ताई-चीचा वर्ग क्वचितच मिळतो. संथ, न ताणता केलेली योगासनं आणि श्वसन हा त्याला जवळचा पर्याय आहे.

व्यायामानंतर थोडं अंग आंबणं चालेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते ओसरलं पाहिजे. नाही ओसरलं तर मिनिटं कमी करा, सोडून देऊ नका.

घरातली कामं कशी करायची? ती तर टळत नाहीत.

माझ्या मते या आजाराचा खरा उपचार इथेच होतो, स्वयंपाकघरात आणि मोरीत. बहुतेकींचं चक्र एकच असतं. चार दिवस अंग धरलेलं. पाचव्या दिवशी जरा बरं वाटतं. मग साचलेलं सगळं त्याच दिवशी उरकायचं: कपाटं आवरायची, चादरी धुवायच्या, दळण आणायचं, वर 'आज बरंय तर पुरणपोळ्या करून टाकते'. सहाव्या दिवशी पुन्हा अंथरूण. वाईट दिवसापेक्षा चांगला दिवस जास्त घात करतो. चांगल्या दिवशी हात आवरणं हे या आजारातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी कौशल्य आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचं सांगते. पाच माणसांचं घर, सकाळी वीसेक पोळ्या, त्यानंतर उजवा खांदा आणि मान दिवसभर ठणकायची. आम्ही पोळ्या बंद केल्या नाहीत. कणीक आधी फक्त पाण्यात कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवायची आणि मग मळायची. भिजलेली कणीक निम्म्या जोरात मऊ होते. परात ओट्यावर न ठेवता कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर, म्हणजे खांदे वर उचलावे लागत नाहीत. लाटायला उंच स्टूल. फोनवर दहा मिनिटांचा गजर. गजर झाला की लाटणं खाली, हात सैल सोडून घरात एक फेरी, मग पुढच्या पोळ्या. खांदा दुखत नसला तरी थांबायचं. पहिल्या आठवड्यात ताई चिडायच्या, 'हात चालतोय तर कशाला थांबू?' म्हणायच्या. दुखायला लागल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो, हे पटायला त्यांना थोडे दिवस लागले. आज भाजणाऱ्याची जागा त्यांच्या मुलाने घेतली आहे.

बाकी कामांनाही हेच लावा. बादली अर्धीच भरा, दोन खेपा झाल्या तरी चालतील. जाड चादर हाताने पिळू नका, नळाला अडकवून पाणी निथळू द्या, जमेल तिथे मशीनच्या ड्रायरवर सोपवा. उकिडवं बसून लादी पुसण्याऐवजी दांड्याचा पोछा, आणि एका दिवशी एकच खोली. जड कुकर आणि तेलाचा डबा वरच्या फळीवर नको. भाजी निवडणं, शेंगा सोलणं ही बसून करायची कामं उभ्या कामांच्या मधे घाला.

गौरी-गणपती आणि दिवाळी या दिवसांत दुखणं हमखास उचल खातं. फराळ आठवड्यावर पसरा. चकलीचा सोऱ्या दाबणं हे मनगट आणि खांद्याचं काम आहे, ते घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. लाडू एका दिवशी, चिवडा दोन दिवसांनी. अनारसे विकत आणले म्हणून गौरी रुसत नाही.

दुखण्याने उचल खाल्ली तर काय करायचं?

आधीच लिहून ठेवलेली योजना हवी, कारण त्या दिवशी सुचत नाही. दोन-तीन दिवस काम निम्म्यावर आणा, पूर्ण बंद करू नका. गरम पाण्याची पिशवी किंवा कढत पाण्याची अंघोळ, दर तासाला उठून दोन मिनिटं हातपाय हलवणं, पोटातून संथ श्वास. फ्रीजमध्ये खिचडीची तयारी किंवा शेजारच्या काकूंना डब्याचा एक फोन, हेही योजनेत लिहा. जागरण, पाळीचे दिवस, प्रवास, सर्दी-ताप, घरातलं भांडण, पावसाळी गारठा यांपैकी काय झालं होतं ते वहीत टिपा. तीन-चार वेळा टिपलं की तुमची कारणं कळायला लागतात. आठवडा उलटला तरी दुखणं उतरलं नाही किंवा वेगळ्याच जातीचं वाटलं, तर डॉक्टरांना दाखवा.

झोपेचं आणि दुखण्याचं काय नातं आहे?

फार जवळचं. १९७५ साली टोरांटोत मोल्डोफस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी विद्यार्थ्यांची गाढ झोप आवाज करून मोडली. ते पूर्ण जागे होत नव्हते, फक्त गाढ झोपेपर्यंत पोचत नव्हते. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं, जागा दाबल्या की कळवळायला लागले. नीट झोपू दिल्यावर ते गेलं.

म्हणून झोपेला औषधाइतकं गांभीर्याने घ्या. उठण्याची वेळ रोज तीच, रविवारीही. दुपारी आडवं व्हायचं तर वीस मिनिटं. चारनंतर चहा नको. आपल्याकडे संध्याकाळचा दुसरा कप झोपेत किती मोडता घालतो, ते तो सोडल्यावरच कळतं. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं जोडीदार सांगत असेल, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करा. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर लोह, म्हणजे फेरिटिन, तपासा.

कोणती औषधं देतात? ती आयुष्यभर घ्यावी लागतात का?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी २००७ मध्ये प्रेगॅबॅलिन, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिन आणि २००९ मध्ये मिल्नॅसिप्रान मान्य केलं. भारतात पहिली दोन सर्रास लिहून देतात. त्यांच्याही आधीपासून वापरात असलेलं, स्वस्त आणि बऱ्याच जणांना झोपेसाठी मानवणारं औषध म्हणजे रात्री अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन. यातली काही औषधं नैराश्यावरही चालतात. इथे ती वेदनेच्या मार्गावर काम करण्यासाठी दिलेली असतात. चिठ्ठीवरचं नाव गुगल करून 'डॉक्टरांनी मला वेडी ठरवलं' असं समजू नका.

अपेक्षा माफक ठेवा. प्रेगॅबॅलिनच्या चाचण्यांत, नकली गोळी घेतलेल्यांच्या तुलनेत, दुखणं निम्म्याने उतरलेले लोक शंभरात साधारण दहाच जास्त निघाले. त्या दहांत तुम्ही असाल तर उत्तम. म्हणून डॉक्टर काही आठवडे देऊन पाहतात आणि फरक नसेल तर थांबवतात. आयुष्यभराचा करार नसतो.

प्रेगॅबॅलिनने गुंगी, चक्कर, वजन वाढणं, पायावर सूज येऊ शकते. सुरुवातीचे दिवस स्कूटर चालवू नका, दारू त्यासोबत नको. ड्युलोक्सेटिनने आधी मळमळ होते. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. कोणतीही एकदम बंद करू नका. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा. ड्युलोक्सेटिन चालू असताना दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक लिहिलं, तर दोघांनाही कळवा, त्या दोन औषधांचा एकमेकांशी त्रासदायक संबंध येऊ शकतो. आपल्याकडे प्रेगॅबॅलिन आणि मिथिलकोबालामिन (बी-१२ चाच एक प्रकार) एकत्र असलेल्या गोळ्या फार लिहितात. तुमचं बी-१२ कमी नसेल तर त्यातला दुसरा भाग गरजेचा आहे का, एवढं विचारा.

रोज एक पेनकिलर घेतली तर काय बिघडतं?

मूत्रपिंडं, जठर आणि रक्तदाब बिघडतो, आणि फायब्रोमायल्जियाचं दुखणं तसंच राहतं. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक यांसारखी औषधं सूज उतरवतात, आणि इथे सूजच नसते. सोबत गुडघ्याचा त्रास असेल तर त्यापुरती कधीतरी घेणं वेगळं. अफूवर्गातली तीव्र औषधं आणि स्टेरॉइड यांचीही युलारने शिफारस केलेली नाही.

आठवडी बाजारात किंवा 'हमखास गुण' सांगणाऱ्याकडे मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं. आधीच घेत असाल तर लपवू नका, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आयुर्वेद, तेल, मालिश यांचा उपयोग होतो का?

कोमट तेलाने हलक्या हाताची मालिश आणि नंतर शेक यांनी बऱ्याच जणांना बरं वाटतं, झोपही लागते. ते जरूर करा. जोरात रगडणारी मालिश मात्र तुमच्या शरीराला मार वाटते, दुसऱ्या दिवशी निळं-काळं होईपर्यंत दाबणारा माणूस नको. पोटात घ्यायची औषधं नोंदणीकृत वैद्यांकडूनच, नाव आणि घटक लिहिलेली घ्या. भस्म, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेली औषधं, असतील तर विचारून घ्या. ॲलोपॅथीच्या गोळ्या चालू आहेत, हे वैद्यांना सांगा.

खाण्यात काय पाळावं?

या आजाराचा म्हणून ठरलेला आहार नाही. आंबट बंद, भात बंद, दूध बंद अशा याद्या पाळून लोक अशक्त होतात. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याने दुखणं कमी होतं. ड जीवनसत्त्व किंवा बी-१२ कमी असेल तर भरून काढा.

पुरुषांना होतो का?

होतो. जुन्या, जागा दाबून बघण्याच्या पद्धतीत ते सुटून जायचे. पुरुष 'अंग दुखतं' म्हणत नाहीत, 'कामाने दमलो' म्हणतात आणि गाडी तशीच ढकलतात. लहान मुलामुलींतही दिसतो, विशेषतः वयात येताना.

विसरायला होतं, शब्द आठवत नाहीत. हे डिमेन्शिया आहे का?

बहुतेक वेळा नाही. गॅसवर दूध ठेवून विसरणं, वाक्याच्या मधे शब्द निसटणं हे फायब्रोमायल्जियाचंच लक्षण आहे आणि झोप सुधारली की बरंच निवळतं. एका वेळी एकच काम, आणि सगळं एकाच वहीत. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचे व्यवहार न जमणं असं काही असेल तर तपासून घ्या.

घरच्यांना कसं समजावू?

दुखणं दिसत नाही, म्हणून ते शब्दांत मागावं लागतं. 'मला कुणी समजून घेत नाही' याने काही हलत नाही. 'सोमवार-गुरुवार भांडी तू घास आणि दळण तू आण' याने हलतं. डॉक्टरांकडे जाताना एकदा नवऱ्याला, सासूबाईंना किंवा मोठ्या मुलाला सोबत न्या. तेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आलं की घरात त्याला वजन येतं. हे योग्य आहे असं मला वाटत नाही, पण घडतं तसंच.

घरच्यांसाठीही एक. 'काल तर बाजारात फिरत होतीस' असं म्हणू नका. काल फिरली म्हणूनच आज झोपली आहे. तिच्या हातातलं काम न विचारता काढून घेऊ नका, 'यातलं कुठलं मी करू?' असं विचारा.

मन फार खचलं आहे. जगणं नकोसं वाटतं.

हे आजच कुणाला तरी सांगा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. समुपदेशन, विशेषतः विचार-वर्तन उपचार म्हणजे सीबीटी, या आजारात दुखण्याशी निभावून न्यायला मदत करतो असं दिसलेलं आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का? नोकरीत काय मागू शकते?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत फायब्रोमायल्जिया नाही, त्यामुळे केवळ या निदानावर प्रमाणपत्र मिळत नाही. या आजाराच्या रुग्णांनी आणि डॉक्टरांनी ही मागणी लावून धरायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

नोकरीत लेखी विनंती करा आणि ती नेमकी असू द्या: पाठीला आधार असलेली खुर्ची, दर तासाला पाच मिनिटं उठण्याची मुभा, रात्रपाळीतून सूट, बस-लोकलची गर्दी टाळता येईल अशी वेळ, आठवड्यातून एखादा दिवस घरून काम. शिक्षिका असाल तर वरच्या मजल्यावरचे तास एकापाठोपाठ ठेवायला सांगा, म्हणजे जिना एकदाच. डॉक्टरांच्या पत्रात निदानाबरोबरच 'सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहता येत नाही' अशी मर्यादा लिहून घ्या. वरिष्ठांना आजाराच्या नावापेक्षा त्या ओळीवर निर्णय घेता येतो.

परदेशात असलेल्यांसाठी: अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी विभागाने २०१२ मध्ये फायब्रोमायल्जियाचे दावे कसे तपासायचे याचा स्वतंत्र नियम काढला आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याखाली आजाराच्या नावापेक्षा रोजच्या कामांवर दीर्घकाळ होणारा परिणाम पाहतात. दोन्हीकडे जुन्या नोंदी मागतात. म्हणून भारतातल्या पहिल्या चिठ्ठीपासूनचे सगळे कागद तारखेनुसार लावून एका फाइलमध्ये ठेवा आणि त्यांचे फोटो ईमेलवरही टाकून ठेवा.